वीतभर मोठं मैदान

दिवाळी अंकात लिहिणाऱ्या माणसांनी आयुष्यात काहीतरी केलेलं असतं. कुणी खटले चालवलेले असतात, कुणी शस्त्रक्रिया केलेल्या असतात, कुणी तुरुंगाच्या नोकरीत केस पांढरे केलेले असतात. मी पाच वर्षं मैदानावर पांढऱ्या रेषा मारल्या. त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पायांखाली पुसल्या जायच्या. अशा माणसानं लेख लिहावा का, हे मी संपादकांना दोनदा विचारलं. ते म्हणाले, "लिहा. नाही जमला तर छापणार नाही." त्या स्पष्ट बोलण्यानं थोडा धीर आला. तरी वाचकांची आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात चार ओळींच्या पत्राहून मोठं कुणी काही लिहिलेलं नाही, आणि ती पत्रंही दुसऱ्याकडून लिहून घेतलेली.

वडील मिरजगावच्या बाजारात हमाली करायचे. मी नगरला बी.ए.ला आलो तो 'कमवा आणि शिका' योजनेच्या आधारावर. बाकीच्या मुलांना ग्रंथालयात पुस्तकं झटकायचं किंवा बागेला पाणी घालायचं काम मिळालं. मला जिमखान्यात पाठवलं. तिथं मैदानाचे शिपाई होते शेखचाचा. साठीकडे झुकलेले, डोक्याला कायम रुमाल, आणि बोटांच्या पेरांत चुना इतका मुरलेला की धुऊनही जात नसे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय शिकतो?"

"बी.ए."

"रेघ सरळ मारता येती का?"

"वहीवर येते."

"वही हालत न्हाई. जमीन हालती. ये."

बाहेरच्या माणसाला वाटतं, मैदान म्हणजे मोकळी जागा. पण मोकळी जागा ही नुसती जागा असते. तिच्यावर आधी पाणी शिंपडायचं, धूळ बसली की कोपऱ्यांत खुंट्या ठोकायच्या, सुतळी ताणायची आणि सुतळीच्या कडेनं फक्की सोडत जायचं. फक्की म्हणजे पांढरी चुन्याची पूड. ती चिमटीतून सोडायची, मुठीतून नाही. आणि सोडताना उलटं चालायचं, म्हणजे मारलेली रेघ डोळ्यांसमोर राहते आणि तिच्यावर स्वतःचाच पाय पडत नाही. मी पाच वर्षं असा सकाळच्या धुक्यात मागं मागं चालत गेलो. समोर रेघ लांबत जायची, पाठीमागं काय आहे ते दिसायचं नाही. अजूनही कधी दुपारी डोळा लागला की तीच रेघ दिसते. मी मागं सरकतो आहे, ती समोर वाढते आहे आणि तिचं टोक कुठंच नाही.

सरळ रेघ महिन्याभरात आली. वळण यायला वर्ष गेलं. धावण्याच्या मैदानाला दोन बाजू सरळ आणि दोन टोकांना अर्धवर्तुळं असतात. अर्धवर्तुळासाठी मध्ये खुंटी ठोकून तिला दोरी बांधायची आणि दोरी ताणून धरत गोल फिरायचं. चाचांची दोरी काथ्याची होती. तिला त्यांनी एक गाठ मारलेली होती. गाठीपाशी धरायचं, रेघ मारायची. दोरीची लांबी त्यांनी कुठं मोजली, कशी मोजली, मी कधी विचारलं नाही. न विचारल्याचं पुढं काय झालं, तेच सांगण्यासाठी हा लेख.

आता आमच्या स्पर्धांबद्दल सांगायला हवं.

मी शाळेत असताना मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहात राहायचो. आमच्यातली पुष्कळ मुलं चांगली खेळायची. पण शाळेच्या संघात आमच्यातलं एखादंच नाव लागायचं, आणि तेही राखीव म्हणून. कुणी वाईट बोलायचं नाही. खेळाचे सर पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "संघ भरला रे. तुमच्या स्पर्धा असतातच की." हे खरं होतं. आमच्या स्पर्धा होत्या. तालुक्या-तालुक्यांतली वसतिगृहं हिवाळ्यात एकत्र यायची. गृहपती स्वतः पंच व्हायचे, स्वयंपाकीणबाई बक्षिसाच्या टेबलाशी बसायच्या, वस्तीवरची माणसं बैलगाड्या जोडून यायची. तिथं मी अशी कबड्डी आणि असं धावणं पाहिलं आहे की पुढं मोठ्या स्पर्धांतही पाहिलं नाही. पण वर्तमानपत्रात त्याची ओळ यायची नाही, आणि जिल्ह्याच्या यादीत ते निकाल चढायचे नाहीत. त्या यादीत चढायला शाळेच्या संघातून जावं लागे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कर्जत तालुक्यातल्या एका गावानं यात्रेच्या कबड्डीसाठी जिमखान्याकडं माणूस मागितला. चाचांचा गुडघा धरला होता म्हणून मी गेलो. तिकडं रीत अशी की मैदान आखून झालं की मधल्या रेषेवर नारळ फोडायचा आणि पहिलं खोबरं आखणाऱ्याच्या हातावर ठेवायचं. मी मैदान आखलं. कमिटीचे एक आण्णा होते, धोतरातले, बोलायला गोड. ते म्हणाले, "झ्याक झालंय. कुनाचा रं तू?"

मी गावाचं नाव आणि आडनाव सांगितलं.

"आसं व्हय," ते म्हणाले. थोडा वेळ नारळाकडं बघत राहिले. मग ज्या टेम्पोतून मी आलो होतो त्याच्या ड्रायव्हरच्या हातावर त्यांनी खोबरं ठेवलं. ड्रायव्हर गोंधळला. त्यानं त्यातलं अर्धं मोडून मला दिलं, आणि आम्ही दोघांनी ते तिथंच खाल्लं. खोबरं गोड होतं, हेही लिहायला हवं.

मग आण्णा म्हणाले, "वस्तीच्या पोरांचंबी येक मैदान आखून दे. ती त्यांच्यात्यांच्यात खेळत्यात. तिकडं जागा आवरती हाय, जरा बारकंच मार."

जागा खरंच अपुरी होती, एका कडेला बाभळीचं झुडूप होतं. मी वस्तीवरून कुऱ्हाड मागून आणली, झुडूप काढलं आणि मैदान पुरं आखलं. वरचं गावाचं आणि खालचं वस्तीचं, दोन्ही एकाच सुतळीनं मोजलेली. संध्याकाळी उंचवट्यावरून पाहिलं तर उन्हात दोन पांढरे चौकोन दिसत होते, जुळ्या भावांसारखे, मधून ओढा. कुठला कुणाचा हे वरून सांगता आलं नसतं. त्या वेळी मी मनाशी ठरवून टाकलं, आपल्या माणसांचं मैदान कधीही कमी पडू द्यायचं नाही. कुणालाही म्हणता येऊ नये की यांचं मैदानच लहान होतं.

त्याच हिवाळ्यात कॉलेजच्या ग्रंथालयात एका जुन्या परदेशी मासिकात मला एक फोटो सापडला. अमेरिकेतल्या काळ्या मुलांच्या एका शाळेची धावण्याची शर्यत. खाली बराच मजकूर होता. शब्दकोश घेऊन तो वाचायला मला आठ-दहा दिवस लागले. एके काळी तिकडं काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, म्हणून त्यांच्या स्पर्धाही वेगळ्या, त्यांच्या संघटना वेगळ्या, त्यांचे विजेते वेगळे. गावच्या गाव सामने बघायला लोटायचं. शिक्षकच गाडी चालवत मुलांना लांब लांब न्यायचे. आणि त्यांच्या वेळा, त्यांच्या उड्या दुसऱ्यांच्या वहीत लिहिल्या जात नसत. मी त्या फोटोतल्या मुलांचे चेहरे नंतर पाहिले. आधी पाहिल्या त्या त्यांच्या पायांखालच्या रेषा. वळण सुरेख होतं. कुणीतरी तेही उलटं चालत मारलं असणार. त्या माणसाचं नाव खाली नव्हतं. पुढं कितीतरी दिवस मैदानावर फक्की सोडताना मला वाटायचं, या रेघेचं दुसरं टोक तो धरून उभा आहे.

तिसऱ्या वर्षी वसतिगृहांच्या स्पर्धा श्रीगोंद्याकडं ठरल्या. मी ज्या वसतिगृहात वाढलो त्याचे गृहपती साळवेसर मला मुद्दाम भेटायला नगरला आले. त्यांच्या बोलण्यात कधी नव्हे ती घाई होती.

"या वेळी जिल्ह्याचे क्रीडा अधिकारी येतायत," ते म्हणाले. "मी सहा वर्षं अर्ज करतोय. आत्ता हो म्हणाले. पंधराशे मीटर चार मिनिटं दहा सेकंदांच्या आत जो पळेल, त्याला ते पुण्याच्या निवासी शिबिराला थेट पाठवणार. शाळेचा संघ नको, जिल्ह्याची यादी नको."

"सुदामसाठी?"

"सुदामसाठीच. तो दहावीला आहे. या वर्षी झालं नाही तर त्याचा मामा त्याला कामाला नेणार, बोलून ठेवलंय. मैदान तू आखायचं. साहेबांना बोट ठेवायला जागा राहता कामा नये."

सुदामला मी ओळखत होतो. सुट्टीत तो नगरला नातेवाइकांकडं आला की आमच्या कॉलेजच्या मैदानावर पहाटे पळायला यायचा. बारीक अंगाचा, अनवाणी, बोलणं फार कमी. पळताना त्याच्या पायांचा आवाज यायचा नाही. धुक्यात तो वळणावर दिसेनासा व्हायचा आणि पुढच्या वळणावर एकदम उगवायचा, जणू मधलं अंतर त्याला लागतच नव्हतं.

चाचांचा गुडघा पुन्हा धरला होता, म्हणून त्यांची दोरी घेऊन मी आदल्या दिवशी एकटाच श्रीगोंद्याला गेलो. जागेच्या मानानं कॉलेजच्या मैदानासारखीच दोनशे मीटरची फेरी बसत होती. पंधराशेला अशा साडेसात फेऱ्या. चाचा असते तर दोरी गाठीपाशी धरून फिरले असते. मी मात्र कॉलेजात शिकणारा. मी वही काढली. दोन सरळ बाजू पन्नास-पन्नास मीटर, उरले शंभर, ते दोन अर्धवर्तुळांत मिळून. बावीस सप्तमांशानं हिशेब केला आणि दोरीला टेप लावली. चाचांची गाठ वीतभर अलीकडं होती. म्हणजे त्यांच्या मापानं रेघ मारली तर फेरी दोनशेला सव्वा मीटर कमी भरत होती.

मला चाचांची दया आली, हे कबूल करतो. म्हातारा माणूस, शाळा न पाहिलेला, एवढी वर्षं चुकीच्या दोरीनं फिरतोय. आणि थोडी भीतीही वाटली. साहेबांनी टेप लावली असती आणि सव्वा मीटर कमी निघालं असतं, तर आमच्या सगळ्या स्पर्धांवर पाणी पडलं असतं. मी दातांनी गाठ सोडवली आणि वीतभर पुढं दुसरी मारली. रेघ मारून झाल्यावर टेप घेऊन रेघेवरून पूर्ण फेरी मोजली. दोनशे मीटर, बोटभरही इकडं तिकडं नाही. त्या संध्याकाळी मी मैदानाच्या मधोमध बराच वेळ बसून राहिलो. कारखान्याच्या धुराड्यामागं सूर्य गेला, उसाच्या मळीचा वास आला, आणि ती पांढरी रेघ अंधूक होत गेली तरी दिसतच राहिली. इतकं पूर्ण असं काही मी आधी केलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. माणूस सरळ होता, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मैदानाभोवती एक चक्कर मारून त्यांनी साळवेसरांना विचारलं, "अशा ठिकाणी मैदान लहान असतं बऱ्याचदा. मग वेळा फार छान येतात. मोजलंय का?"

साळवेसरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुढं झालो. "सर, मी स्वतः मोजलंय. रेघेवरून टेप लावून. पुरं दोनशे आहे."

"रेघेवरून?" ते म्हणाले. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्यासाठी चहा आणला आणि ते तिकडं वळले.

शर्यत दुपारी उशिरा झाली. उतरतं ऊन, सगळ्यांच्या सावल्या लांब. नऊ मुलं निघाली आणि तिसऱ्या फेरीनंतर सुदाम एकटाच पळत होता, बाकीची त्याच्यामागं कुठंतरी. वस्तीवरच्या बाया आधी नावं घेऊन ओरडत होत्या, मग त्या गप्प झाल्या. मी आतल्या बाजूला उभा होतो. तो माझ्या रेघेच्या बाहेरून जायचा तेव्हा फक्कीचा हलका धूर उठायचा आणि तो गेल्यावर परत खाली बसायचा. शेवटच्या फेरीला साळवेसर त्याच्यासोबत कडेनं पळायला लागले, हातात घड्याळ, चपला मागं पडलेल्या. सुदामनं रेषा ओलांडली आणि तो पुढं तसाच चालत राहिला.

दोन घड्याळं होती. दोन्हींत चार अकरा.

साहेबांनी घड्याळ सुदामलाही दाखवलं. "पोरा, फार चांगला पळालास. पण मला वर लिहून द्यायचं असतं. चार दहाच्या आत म्हटलंय, तर मी अकरा लिहू शकत नाही." मग साळवेसरांना म्हणाले, "मैदान पुरं होतं म्हणून सांगतो, ही वेळ खरी आहे. पुढच्या वर्षी मी परत येईन. अशी मुलं असतील तर नक्की येईन."

 मी सुदामजवळ गेलो तर त्यानं मैदानाकडं पाहत विचारलं, "दादा, तुमी मारल्या का ह्या रेघा?"

"हो."

"लई सरळ हाईत," तो म्हणाला आणि चूळ भरायला नळाकडं गेला.

दोन आठवड्यांनी चाचांचा गुडघा बरा झाला. कॉलेजच्या मैदानावर ते दोरी ताणून उभे राहिले आणि थांबले. "मास्तर, गाठ कुनी सरकवली?"

मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, की चाचा, तुमची दोरी वीतभर आखूड होती, फेरीला सव्वा मीटर कमी येत होतं, मी दुरुस्त केली.

चाचा खुंटीवर बसले. "आरं, पळनारा रेघंवर पळतो का? रेघंवर पाय पडला तर त्याला बाद करत्यात. तो रेघंच्या भाईर वीतभर सोडून पळतो. त्याचे पाय जिथं पडत्यात तिथं दोनशे भराया पायजे. रेघ कमीच भरती. आमच्या उस्तादनं शिकवलेलं." मग माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "कुठं मारलंस ह्या गाठीनं?"

मी सांगितलं नाही. ग्रंथालयात जाऊन खेळांच्या नियमांचं पुस्तक शोधलं. त्यात तसंच लिहिलं होतं: फेरी रेघेवर मोजायची नाही, रेघेपासून वीस सेंटीमीटर बाहेर मोजायची. मग हिशेब केला. फेरीला सव्वा मीटर, साडेसात फेऱ्यांचे सव्वानऊ मीटरच्या वर. सुदामला तेवढं पळायला दीड सेकंद लागला असणार. तो पंधराशे मीटर चार नऊमध्ये पळून गेला होता आणि त्यानंतरही माझ्यासाठी पळत होता.

मी साहेबांना पत्र लिहिलं, हिशेब जोडून. महिनाभरानं कार्यालयाचं उत्तर आलं, की सदर स्पर्धा मान्यताप्राप्त नसल्यामुळं तिच्या निकालात दुरुस्ती करण्याची तरतूद नाही. मी साळवेसरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यानं मला जास्त लागलं. "तू कमी पडू नये म्हणून जास्त केलंस," ते म्हणाले, "आपल्याला नेहमी तसंच करावं लागतं ना." परीक्षेनंतर सुदामचा मामा त्याला राहात्याकडं घेऊन गेला. त्याला हे सांगायचं काम माझं होतं. मी ते केलं नाही. पत्ता नाही, हे कारण मी दोन वर्षं वापरलं. पत्ता साळवेसरांकडं होता.

पुढच्या वर्षी साहेब शब्दाप्रमाणं आले. मैदान मीच आखलं, चाचांच्या गाठीनं. त्या वर्षी दोन मुलं पुण्याला गेली, त्यानंतरच्या वर्षी एक. त्यांच्या निरोपाला मी गेलो होतो. एस.टी. सुटताना सगळे हात हलवत होते आणि मला खिडकीत तिसरंच तोंड दिसत होतं.

या वर्षी एम.ए. झालो आणि जिमखान्याचं काम सुटलं. शेवटच्या दिवशी मैदानावर कुणी नव्हतं. मी उगीचच एक पूर्ण फेरी चाललो, रेघेच्या वीतभर बाहेरून. घरी येऊन सुदामला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, दोरी, टेप, गाठ, दीड सेकंद. चाचांची दया आली होती हेही लिहिलं. उत्तराची अपेक्षा धरली नव्हती.

हा लेख अर्धा लिहून झाला होता तेव्हा त्याचं अंतर्देशीय आलं. अक्षर मोठं, ओळी खाली उतरत गेलेल्या. राहात्याच्या बाजारात तो पेरूच्या जाळ्या टेम्पोत भरतो, लग्न झालं आहे, मुलगी तान्ही आहे. मग लिहिलं होतं:

"तुमच्या कालेजच्या मैदानावर मी पळायचो तवा माझ्या पायांनी मोजायचो. येका फेरीला किती पावलं त्ये माझ्या तोंडपाठ हुतं. श्रीगोंद्याला दुसऱ्या फेरीतच कळलं की पाऊल जास्त पडतंय. तिसऱ्या फेरीला परत मोजलं, तेवढंच आलं. पळता पळता इचार केला. मैदान चुकलंय आसं मी बोललो तर सायेब म्हनले आसते, ह्यांना मैदानबी आखता येत न्हाई, आन परत आलेच नसते. माझ्यामागं आजून पोरं हुती. म्हनून जमंल तेवढं वढलं, येका सेकंदानं ऱ्हायलं. तुमच्यावर राग धरला न्हाई. चार अकरा मी पळलोच न्हाई, ह्ये मला त्याच दिशी ठावं हुतं. तुमाला दोन आठवड्यांनी कळलं, दादा, येवढंच."